लघवीची पिशवी भरलेली, गुदाशय रिकामा: ओटीपोटाच्या रेडिएशनसाठी तयारी कशी करावी

मी रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट आहे. तुम्हाला टेबलावर झोपवते, त्वचेवरच्या खुणा लेझरच्या रेषांशी जुळवते आणि जाड दार बंद झालं की बाहेरच्या स्क्रीनवर तुमचं ओटीपोट आतून बघते. डोस डॉक्टर ठरवतात, प्लॅन फिजिसिस्ट करतात. पण तो प्लॅन आज, या घडीला, तुमच्या शरीरावर नीट बसतोय का हे सगळ्यात आधी आम्हाला दिसतं. प्रोस्टेट, लघवीची पिशवी, गर्भाशयमुख, गर्भाशय किंवा गुदाशय यांच्या कॅन्सरसाठी ज्यांचं रेडिएशन ठरलं आहे त्यांच्यासाठी आणि सोबत येणाऱ्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधी सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. मशीन मिलिमीटरमध्ये नेम धरतं, पण ज्यावर नेम धरायचा ते शरीरातलं ठिकाण रोज थोडं सरकतं. ते किती सरकू द्यायचं यातला मोठा वाटा तुमच्या हातात असतो.

आत काय हलतं

प्रोस्टेट दोन पिशव्यांच्या मध्ये अडकलेलं असतं. वर लघवीची पिशवी, मागे गुदाशय. गुदाशयात गॅस किंवा मल साठला की प्रोस्टेट पुढे ढकललं जातं. कधी दोन-तीन मिलिमीटर, कधी त्याहून बरंच जास्त. गर्भाशयाचं हलणं आणखी मोठं असतं. लघवीची पिशवी रिकामी असताना गर्भाशय पुढे झुकतं, भरली की वर आणि मागे जातं, आणि हा फरक सेंटिमीटरमध्ये मोजावा लागतो. त्यामुळे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बऱ्याच ठिकाणी प्लॅनिंगच्या दिवशी पिशवी भरलेली आणि रिकामी असे दोन स्कॅन घेतात. गर्भाशय कुठून कुठपर्यंत फिरतं ते त्यातून कळतं.

अमेरिकेतल्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरच्या डॉक्टरांनी २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रोस्टेटचं रेडिएशन घेतलेल्या १२७ पुरुषांचे प्लॅनिंगचे सीटी त्यांनी पुन्हा तपासले. ज्यांचा गुदाशय त्या एका दिवशी फुगलेला होता, त्यांच्यात आजार परतण्याचं प्रमाण जास्त निघालं. कारण उघड आहे. प्लॅन फुगलेल्या गुदाशयावर बेतला गेला, पुढे रोज गुदाशय रिकामा राहिला, प्रोस्टेट मागे सरकलं आणि त्याचा काही भाग किरणांच्या कडेला राहिला. तेव्हा रोजच्या रोज आत बघून नेम सुधारण्याची सोय बहुतेक ठिकाणी नव्हती. आज आहे. तरीही हा अभ्यास मी नव्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगते.

नवीन तंत्रांनी नेमकं काय बदललं

पूर्वी चार बाजूंनी चौकोनी किरण सोडत. चौकोनात जे येईल त्या सगळ्याला डोस मिळे, आतड्यालाही. मग सीटीवर आधारित त्रिमितीय प्लॅन आले. त्यानंतर आयएमआरटी आलं. त्यात किरणांची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करता येते, त्यामुळे डोसचा आकार गाठीभोवती वळवता येतो. व्हीमॅट हे त्याचंच वेगवान रूप: मशीन तुमच्याभोवती फिरता फिरता किरण सोडतं आणि एक फेरी साधारण एक-दोन मिनिटांत संपते. याच्या जोडीला आयजीआरटी, म्हणजे प्रत्येक सिटिंगच्या आधी टेबलावरच स्कॅन काढून जागा तपासणं. माझं बहुतेक काम याच टप्प्यावर होतं.

याचा फायदा मोजलेला आहे. टाटा मेमोरियल सेंटरने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर रेडिएशन घेणाऱ्या ३०० स्त्रियांवर पार्सर नावाची चाचणी केली. जुन्या त्रिमितीय पद्धतीच्या गटात तीन वर्षांत आतड्याचे मध्यम किंवा गंभीर उशिराचे त्रास ४२.४ टक्के होते, आयएमआरटी आणि रोजच्या इमेजिंगच्या गटात २१.१ टक्के. आजार आटोक्यात ठेवण्यात फरक पडला नाही. आतड्याचा त्रास निम्म्यावर येणं म्हणजे काय, हे ज्यांनी वर्षानुवर्षं बाहेर पडण्याआधी शौचालय कुठे आहे ते शोधलंय त्यांना विचारा.

प्रोस्टेटमध्ये सिटिंगची संख्याही खाली आली. एके काळी ३७ ते ३९ सिटिंग असत. २०१६ साली चिप या मोठ्या ब्रिटिश चाचणीत ३७ सिटिंगमधल्या ७४ ग्रेच्या (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) तोडीस २० सिटिंगमधले ६० ग्रे उतरले. पुढे पेस-बी चाचणीत कमी आणि मध्यम धोक्याच्या रुग्णांना फक्त पाच सिटिंग दिली. तिचे पाच वर्षांचे निकाल २०२४ मध्ये आले: आजार परत न आलेले पाच सिटिंगच्या गटात ९५.८ टक्के, नेहमीच्या गटात ९४.६ टक्के. लघवीचे त्रास मात्र पाच सिटिंगच्या गटात काहीसे जास्त होते. पाच सिटिंगचा पर्याय तुमच्यासमोर ठेवला जाईल तेव्हा ही दुसरी बाजूही विचारून घ्या. ज्यांना आधीपासून लघवी अडखळते, धार बारीक आहे, त्यांनी तर नक्कीच.

सिटिंग कमी म्हणजे प्रत्येकातला डोस मोठा. ३७ पैकी एका दिवशी नेम दोन मिलिमीटर चुकणं आणि पाचपैकी एका दिवशी तेवढाच चुकणं यात फार अंतर आहे. म्हणून पाच सिटिंगवाल्यांच्या तयारीबाबत आम्ही जास्त कडक असतो. त्याचा राग मानू नका.

नेम पक्का करायला प्रोस्टेटमध्ये सोन्याचे बारीक मार्कर बसवतात, बहुधा तीन. जेमतेम एक मिलिमीटर जाड, तीन ते पाच मिलिमीटर लांब. ते आयुष्यभर आतच राहतात आणि त्यांचा काही त्रास होत नाही. काहींना प्रोस्टेट आणि गुदाशयाच्या मधल्या फटीत हायड्रोजेल टोचतात. त्याने दोघांत साधारण एक सेंटिमीटरचं अंतर पडतं, गुदाशयाचा डोस घटतो आणि सहा-एक महिन्यांत ते जेल विरघळून जातं. ते प्रत्येकाला लागत नाही, आणि गाठ मागच्या बाजूने बाहेर पसरली असेल तर बहुधा टाळतात.

सगळ्यात नवं म्हणजे एमआरआय जोडलेलं मशीन. सीटीवर प्रोस्टेटची कड अंदाजाने ओळखावी लागते, एमआरआयवर ती स्पष्ट दिसते. शिवाय त्या दिवशीच्या आकारानुसार प्लॅन जागेवरच बदलता येतो. मिराज चाचणीत प्रोस्टेटभोवती किरणांत धरलेली जादा कड सीटीच्या मार्गदर्शनाखाली चार मिलिमीटर होती, एमआरआयखाली दोन. उपचारानंतर लगेचचे लघवीचे मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास ४३.४ वरून २४.४ टक्क्यांवर आले. दोन मिलिमीटरने एवढा फरक पडतो. मात्र अशा मशीनवर अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त पडून राहावं लागतं आणि तेवढ्या वेळात लघवीची पिशवी भरत राहते. म्हणून तिथे पाणी कमी प्यायला सांगतात. शेजारच्या रुग्णाला वेगळं प्रमाण सांगितलं म्हणून गोंधळू नका.

प्लॅनिंगचा दिवस

ज्या सीटीवर सगळा प्लॅन बांधला जातो तो दिवस सर्वांत महत्त्वाचा. आदल्या दोन-तीन दिवसांपासून पोट साफ होईल असं बघा. बद्धकोष्ठता असेल तर आधीच सांगा, डॉक्टर सौम्य औषध देतील. तुम्हाला ज्या खाण्याने गॅस होतो ते तुम्हालाच माहीत असतं, ते त्या दिवसांत टाळा. घाईघाईने गिळलेली हवाही आतड्यात उतरते, म्हणून सावकाश खा.

पाण्याची पद्धत साधारण अशी: आधी लघवी पूर्ण करायची, मग ठरलेलं पाणी दहा-पंधरा मिनिटांत प्यायचं, मग ठरलेला वेळ थांबायचं. प्रमाण प्रत्येक विभागाचं वेगळं, बहुधा ३०० ते ५०० मिलिलिटर, आणि थांबणं अर्धा ते एक तास. भरलेली पिशवी लहान आतड्याला वर ढकलते आणि स्वतःचा वरचा भागही किरणांपासून दूर नेते.

आता सगळ्यात कळकळीची सूचना. पहिल्या दिवशी जास्त पाणी पिऊ नका. मनापासून सहकार्य करणारी माणसंच हे करतात. एक काका लिटरभर पाणी पिऊन आले होते. पिशवी तुडुंब, चेहऱ्यावर घाम. "ताई, मला जमतंय, घ्या स्कॅन," म्हणाले. आम्ही घेतला नाही. कारण तिसऱ्या आठवड्यात पिशवीचं अस्तर सुजलेलं असतं, अर्ध्या पाण्यालाही कळ लागते, आणि प्लॅन मात्र त्या तुडुंब पिशवीवर उभा असतो. मग रोज टेबलावरून उठायचं, पुन्हा पाणी, पुन्हा थांबणं. त्यांना लघवीला पाठवलं, ठरलेलं पाणी पुन्हा प्यायला लावलं आणि सहज धरवेल एवढ्यावर स्कॅन घेतला. रोज जमेल तेवढीच भरलेली पिशवी प्लॅनिंगला द्या.

लघवीच्या पिशवीच्याच कॅन्सरमध्ये नियम बऱ्याचदा उलटा असतो: पिशवी रिकामी करून या. तिथे पिशवी हेच लक्ष्य असतं आणि ती जेवढी लहान तेवढं आजूबाजूचं वाचतं. काही ठिकाणी लहान, मध्यम, मोठी अशा तीन आकारांचे प्लॅन आधीच करून ठेवतात आणि त्या दिवशीच्या स्कॅनला जुळेल तो निवडतात. या आजारात पिशवी न काढताही उपचार होऊ शकतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या बीसी२००१ चाचणीत ३६० रुग्ण होते. रेडिएशनसोबत केमोथेरपी दिलेल्यांत दोन वर्षांनी ६७ टक्के लोकांमध्ये त्या भागात आजार परतलेला नव्हता, नुसत्या रेडिएशनमध्ये ५४ टक्के. प्रत्येकाला हा मार्ग चालतोच असं नाही, पण ऑपरेशनच्या आधी एकदा रेडिएशनच्या डॉक्टरांचं मत घ्या.

त्या दिवशी न विसरता सांगायचं ते असं: पूर्वी कुठेही घेतलेलं रेडिएशन, पेसमेकर, खुब्यातला धातूचा सांधा, आतड्याचा जुना दाहाचा आजार, प्रोस्टेटचं दुर्बिणीतून झालेलं ऑपरेशन, रक्त पातळ करणाऱ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. लघवीच्या गोळीची वेळ बदलली तर पिशवी सांभाळणं सोपं जातं, पण ती डॉक्टरांना विचारूनच बदला. पाळी चुकली असेल तर तेही सांगा. ज्यांना पुढे मूल हवं आहे त्यांनी हा विषय पहिल्या सिटिंगच्या आधी काढायला हवा. पुरुषांना वीर्य साठवून ठेवता येतं. स्त्रियांच्या अंडाशयांवर ओटीपोटाच्या डोसचा परिणाम होतोच, आणि काहींमध्ये उपचारांपूर्वी ती वर सरकवून ठेवण्याचा पर्याय असतो. एकदा सिटिंग सुरू झाली की ही दारं बंद होतात.

त्वचेवर शाईचे किंवा गोंदणाचे बारीक ठिपके देतील. शाईचे असतील तर घासू नका, पुसट झाले तर स्वतः गडद करू नका. आम्हाला सांगा.

रोजचं सिटिंग

सैल, सहज खाली सरकणारे कपडे घाला. वेळ पाळा, आणि पाणी प्यायला सुरुवात करण्याआधी काउंटरवर एकदा विचारा की मशीन वेळेवर चालू आहे ना. उशीर होणार असेल आणि तुम्ही आधीच पाणी प्यालात तर हाल तुमचेच होतात. आत गेल्यावर गुडघ्यांखालचा आधार आणि पावलांचा ठोकळा प्लॅनिंगसारखाच लावला जाईल. अंग सैल सोडा. आम्ही तुम्हाला सरकवत असताना मदत म्हणून स्वतः हलू नका, जड राहा. कुल्ले आवळून धरले तर माकडहाडाजवळचा भाग मिलिमीटरभर वर राहतो आणि मिनिटभराने सैल पडतो, नेमका स्कॅन झाल्यावर.

मग आम्ही बाहेर जातो. तुम्ही एकटे नसता. कॅमेऱ्यातून तुम्ही दिसता, बोललेलं ऐकू येतं, हात वर केलात की मशीन थांबवता येतं. साधारण मिनिटभरात स्कॅन होतो, तो प्लॅनिंगच्या सीटीवर ठेवून बघतो आणि टेबल काही मिलिमीटर सरकवतो. किरण दिसत नाहीत, दुखत नाहीत, गरम लागत नाहीत.

कधी कधी मी आत येऊन म्हणते, "मावशी, गॅस आहे, जरा उठून फिरून या." तेव्हा ओशाळू नका. मला स्क्रीनवर काळा फुगा दिसलेला असतो आणि त्याच्यामुळे लक्ष्य जागेवर नसतं. पाच-दहा मिनिटांच्या चालण्याने बहुतेकदा काम होतं. ज्या विभागात तुम्हाला कधीतरी असं उठवतात तिथे तुमच्याकडे लक्ष आहे, असं समजा.

बाहेरून किरण घेतल्यावर तुम्ही किरणोत्सर्गी होत नाही. नातवंडाला मांडीवर घ्या, घरच्यांजवळ झोपा. प्रोस्टेटमध्ये कायमच्या किरणोत्सर्गी बिया बसवल्या असतील तरच काही काळ अंतराचे नियम असतात, ते डॉक्टर वेगळे सांगतील.

त्रास सुरू झाले की

पहिला आठवडा बहुधा सुरळीत जातो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लघवीला वारंवार जावं लागणं, जळजळ, पातळ शौच, थकवा सुरू होतो. जळजळ होते म्हणून पाणी कमी करू नका, लघवी दाट होऊन ती आणखी झोंबते. जुलाब लपवू नका. "सांगितलं तर रेडिएशन थांबवतील" या भीतीने पुष्कळजण गप्प बसतात. पण जुलाबाने गुदाशयाचा आकार बदलतो, वजन उतरतं आणि प्लॅन सैल पडतो. साध्या गोळ्यांनी आवरतं ते आवरू द्या. ताप आणि जळजळ एकत्र असेल तर लघवीची तपासणी लागते. लघवी पूर्ण अडली तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखान्यात जा.

सुट्ट्या घेऊ नका. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बाहेरचं रेडिएशन, दर आठवड्याची सिस्प्लॅटिन ही केमोथेरपी आणि आतलं रेडिएशन मिळून सगळं आठ आठवड्यांच्या आत संपावं असा दंडक आहे, कारण लांबलेल्या उपचारात उरलेल्या कॅन्सरच्या पेशी पुन्हा वाढायला लागतात. मशीन बंद पडून दिवस गेला तर तो कसा भरून काढणार ते विचारा.

आतलं रेडिएशन

ब्रॅकिथेरपीला, म्हणजे या आतल्या रेडिएशनला, सगळ्यात जास्त घाबरतात, आणि गर्भाशयमुखाच्या आजारात तीच चुकवून चालत नाही. भूल किंवा गुंगी देऊन योनीमार्गातून पोकळ नळ्या बसवतात, स्कॅन करतात, प्लॅन होतो, मग इरिडियम या किरणोत्सर्गी धातूचा इवलासा स्रोत यंत्रातून त्या नळ्यांत जातो, ठरलेल्या जागांवर काही सेकंद थांबतो आणि परत येतो. प्रत्यक्ष किरणांची वेळ काही मिनिटांची. जास्त वेळ बसवण्यात आणि प्लॅनिंगमध्ये जातो. स्रोत मागे गेला की शरीरात काही उरत नाही. एमआरआयवर गाठ बघून दर वेळी डोस जुळवण्याची पद्धत एम्ब्रेस अभ्यासात १३४१ रुग्णांत पाहिली गेली आणि पाच वर्षांनी त्या जागी आजार आटोक्यात असलेल्यांचं प्रमाण ९२ टक्के होतं. बाहेरून थोडं जास्त रेडिएशन देऊन ही पायरी टाळता येईल का, असं काकू मला हळूच विचारतात. नाही. एवढा मोठा डोस एवढ्या लहान जागेत बाहेरून टाकणं आतडं आणि लघवीच्या पिशवीला सोसवत नाही. दुखण्याची भीती असेल तर भुलेबद्दल आधी मोकळेपणाने बोला. वेदना सोसून दाखवायची काही गरज नसते.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मी थोडेच सुचवते. मशीन कोणत्या कंपनीचं, हा त्यातला नाही. रोज स्कॅन काढता की आठवड्यातून एकदा? तो हाडांवर जुळवता की प्रोस्टेट किंवा गर्भाशय प्रत्यक्ष बघून? माझी तयारी त्या दिवशी जमली नाही तर काय करता? या तिन्हींची स्पष्ट उत्तरं मिळाली तर साध्या लिनॅकवरही (म्हणजे रेडिएशनच्या नेहमीच्या मशीनवरही) चांगला उपचार होतो.

शेवटच्या सिटिंगनंतर

त्रास लगेच थांबत नाहीत. पहिले एक-दोन आठवडे ते तसेच राहतात, कधी वाढतातही, मग काही आठवड्यांत ओसरतात. स्त्रियांनी डायलेटरबद्दल, म्हणजे योनीमार्गात घालायच्या गुळगुळीत नळीबद्दल, विचारायचं राहू देऊ नये. योनीमार्ग चिकटू नये, आखडू नये म्हणून तो लागतो, आणि पुढच्या तपासण्यांसाठीही. कोणी सांगितलं नाही तर तुम्हीच विचारा. प्रोस्टेटच्या रुग्णांचा पीएसए, म्हणजे रक्ततपासणीतला प्रोस्टेटचा आकडा, महिन्यांगणिक उतरतो, एका रात्रीत शून्य होत नाही. मध्येच थोडा वर जाऊन आपोआप खालीही येतो. एका आकड्यावर झोप उडवून घेऊ नका, ओळीने आलेले आकडे डॉक्टरांसमोर ठेवा.

आणि उपचारांचा सारांश मागून घ्या: कुठे, किती ग्रे, किती सिटिंग, कोणत्या तारखांना. तो कायम जपा. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी शौचातून रक्त आलं तर आधी रेडिएशनच्या डॉक्टरांना दाखवा. कोलोनोस्कोपी करायची ठरली तर दुर्बीण आत जाण्याआधी तो कागद त्या डॉक्टरांच्या हातात द्या आणि इथे रेडिएशन झालंय हे तोंडानेही सांगा. गुदाशयाच्या पुढच्या भिंतीवर, जिथे किरण पडलेले असतात, तिथे घेतलेल्या बायोप्सीची जखम बऱ्याचदा नीट भरून येत नाही, क्वचित तिथे भोकही पडतं. हे माहीत असलेले डॉक्टर त्या जागेला शक्यतो हात लावत नाहीत.